मीठ कोणतं खावं, आणि कमी सोडियमचं मीठ कोणी खाऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे : घरात तिघं मोठी माणसं. वडील 68 वर्षांचे, बीपीची गोळी चालू. आईला थायरॉईड कमी पडतं म्हणून सकाळची गोळी. साध्या मिठाने बीपी वाढतं असं ऐकून वर्षभरापूर्वी ते बंद केलं आणि गुलाबी सैंधव सुरू केलं. आता कुणीतरी कमी सोडियमचं मीठ आणायला सांगितलंय. मग यातलं आरोग्याला खरंच चांगलं कोणतं?

बीपी आणि किडनीच्या रुग्णांचा आहार ठरवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. आईसाठी आणि तुमच्यासाठी साधं आयोडीनयुक्त मीठ, आत्ता खाता त्यापेक्षा कमी. वडिलांना कमी सोडियमचं मीठ कदाचित खूप फायद्याचं ठरेल, कदाचित धोक्याचं. ते रक्ताचे दोन रिपोर्ट आणि त्यांच्या गोळीचं नाव बघितल्याशिवाय सांगता येत नाही. गुलाबी मिठाने बीपीसाठी काहीच केलेलं नाही, उलट घरातलं आयोडीन मात्र काढून घेतलं.

सगळ्या मिठांचं मूळ एकच, सोडियम क्लोराईड. समुद्राचं पाणी वाळवून काढा, खाणीतून खणून काढा किंवा जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासून कारखान्यात बनवा. खाण्याच्या मिठाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोडेक्सचं, त्यात ओलावा वगळून किमान 97 टक्के सोडियम क्लोराईड असलं पाहिजे अशी अट आहे. म्हणजे प्रकाराप्रकारांतला फरक उरतो तो राहिलेल्या दोन-तीन टक्क्यांत. सोडियम क्लोराईडमध्ये वजनाने सुमारे 39 टक्के सोडियम असतं, त्यामुळे 5 ग्रॅम मीठ म्हणजे जवळपास 2 ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी दिवसाची मर्यादा हीच सांगितली आहे, 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. प्रत्यक्षात जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे, 10 ग्रॅमच्या वर. आता पाच ग्रॅमची मर्यादा आणि दहा ग्रॅमची सवय यांच्यामध्ये मिठाचा रंग काय करणार?

गुलाबी मिठाकडे येऊ. बाजारात ‘हिमालयीन’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतलं असतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे थर डोंगराखाली दाबले गेले, त्यातलं हे मीठ. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साईडचा, साध्या भाषेत गंजाच्या कुळातला. पाकिटावर ‘84 खनिजं’ असं ठळक छापलेलं असतं. खनिजं असतातही, पण किती? पोटॅशियम साधारण पाव टक्क्याच्या आसपास. म्हणजे 5 ग्रॅम मिठातून मिळणार 14 मिलिग्रॅम, आणि दिवसाची गरज साडेतीन हजार मिलिग्रॅमची. एका केळ्यात याच्या पंचवीसपट पोटॅशियम असतं. मॅग्नेशियमचा हिशेब असाच : मिळतं पाचेक मिलिग्रॅम, लागतं तीनशे-चारशे. ऑस्ट्रेलियात गुलाबी मिठाचे 31 नमुने तपासले होते, 2020 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पोषणाच्या दृष्टीने काही अर्थपूर्ण मिळवायचं तर दिवसाला 30 ग्रॅमहून जास्त, म्हणजे सहाएक चमचे गुलाबी मीठ खावं लागेल असा त्याचा निष्कर्ष होता. एका नमुन्यात तर शिसं तिथल्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. निसर्गातून येणाऱ्या खनिजांच्या यादीत शिसंही असतं, हे पाकिटावर कुणी छापत नाही.

‘पण सैंधव बीपीला चालतं ना?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की त्याचं एक वाक्यातलं उत्तर तयार आहे : तुमच्या किडनीला मिठाचा रंग दिसत नाही, सोडियम दिसतं. ब्राझीलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना काही आठवडे गुलाबी मीठ आणि काही आठवडे साधं, असं आलटून-पालटून देऊन एक छोटा अभ्यास केला गेला. ना रक्तदाबात फरक पडला, ना लघवीतून जाणाऱ्या सोडियममध्ये. चव आवडत असेल, जेवताना वरून भुरभुरवायला सुंदर दिसत असेल तर खुशाल वापरा. औषध म्हणून वापरू नका.

आता आयोडीन. हा विषय लोकांना जुना, शाळेच्या पुस्तकातला वाटतो आणि तिथेच गफलत होते. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना 250. मात्रा सुईच्या टोकावर मावेल एवढी, पण ती रोज हवी, कारण थायरॉईडचं हार्मोन तिच्याशिवाय बनत नाही. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ या हार्मोनवर अवलंबून असते, आणि तिथे झालेली कमतरता नंतर भरून काढता येत नाही. समुद्रापासून लांब, डोंगराळ भागांत जमिनीतच आयोडीन नसतं. आल्प्सच्या खोऱ्यांमध्ये गळ्याला गलगंड असलेली माणसं इतकी होती की कुणाला त्याचं नवल वाटत नसे. स्वित्झर्लंडने 1922 मध्ये मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली, अमेरिकेत 1924 मध्ये मिशिगन राज्यापासून ते सुरू झालं. मिठाचीच निवड का, तर श्रीमंत-गरीब सगळे ते खातात, रोज खातात आणि साधारण सारख्याच प्रमाणात खातात.

सैंधवात आयोडीन नगण्य असतं. ‘समुद्रातून आलंय म्हणजे आयोडीन असणारच’ हाही गैरसमज. समुद्राच्या पाण्यातलं थोडंफार आयोडीन वाळवण्याच्या प्रक्रियेत बहुतेक निघून जातं. काळ्या मिठाचीही तीच गत. म्हणून पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे की नाही एवढं बघा, बाकी जाहिरात सोडून द्या. घरात कुणी गरोदर असेल, बाळाचा विचार करत असेल किंवा लहान मुलं असतील तर यात तडजोड नको.

आईचा थायरॉईड कमी आहे म्हणून आयोडीनचं मीठ बंद केलंत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बरेच जण तसं करतात. गोळी चालू असताना स्वयंपाकातल्या आयोडीनयुक्त मिठाने काहीही बिघडत नाही. त्रास होऊ शकतो तो भरमसाट आयोडीनने, म्हणजे समुद्री शेवाळाच्या गोळ्या वगैरे मनाने सुरू केल्या तर. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घ्यायचा असेल तेव्हा काही दिवस कमी आयोडीनचा आहार सांगतात, पण ते तेवढ्यापुरतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

यावर एक शंका रास्त आहे. मीठ निम्म्यावर आणलं तर आयोडीनही निम्मं होणार नाही का? मिठात किती आयोडीन घालायचं हे लोक किती मीठ खातात त्यावरून ठरवायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये रोज 10 ग्रॅम मीठ खाणाऱ्या लोकसंख्येसाठी किलोमागे 20 मिलिग्रॅम आणि 5 ग्रॅम खाणाऱ्यांसाठी 39 मिलिग्रॅम असा हिशेब दिलेला आहे. शिवाय दूध, अंडी, मासे यांतूनही आयोडीन मिळतं. तुमच्या हातात आहे ते एवढंच : मीठ झाकणाच्या कोरड्या डब्यात, शेगडीच्या उष्णतेपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. दमट हवेत उघड्या भांड्यात ठेवलेल्या मिठातून आयोडीन हळूहळू उडतं. स्वयंपाकाच्या शेवटी मीठ घातलं तर थोडं अधिक टिकतं, पण त्यावरून घरात वाद घालण्याइतका तो फरक मोठा नाही.

खडे मीठ, जाडं समुद्री मीठ आणि फ्रान्समधल्या गेरांदच्या मिठागरांतून वरची साय काढावी तसं गोळा केलेलं महागडं पापुद्र्यांचं मीठ, या सगळ्यांत आरोग्याच्या दृष्टीने एकच गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे चमच्याचं वजन. घरात छोटा वजनकाटा असेल तर करून बघा. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो. पापुद्र्याच्या मिठाचा तोच चमचा 3 ग्रॅमच्या आसपास, कारण कणांच्या मध्ये हवा असते. ‘या मिठात सोडियम निम्मं’ असं जे कधीकधी सांगितलं जातं ते एवढ्यावरच उभं असतं. वजनाने मोजलं की सगळे सारखेच. पाककृतीत ‘एक चमचा मीठ’ लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या घरी कोणतं मीठ होतं, यावर पदार्थ अळणी होतो की खारट ते ठरतं. मोठ्या कणांचा खरा उपयोग वेगळा आहे : पदार्थात आत न घालता वरून चार कण टाकले तर ते थेट जिभेवर विरघळतात आणि कमी मिठात जास्त चव लागते. हे मला पटलेलं आहे आणि मी रुग्णांना सांगतोही. पण अट अशी की आतलं मीठ खरंच कमी केलेलं असावं.

समुद्री मिठात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडतात, हेही खरं आहे. 2018 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या 39 मिठांची तपासणी झाली, त्यात 36 मध्ये ते निघाले आणि समुद्री मिठांत सगळ्यात जास्त. पण प्लॅस्टिक पाण्यातून, हवेतून, डब्या-पिशव्यांतूनही पोटात जातं, तेव्हा मीठ बदलून त्यापासून सुटका होईल असं नाही. समुद्र साफ ठेवण्याचं ते कारण आहे, मीठ निवडण्याचं नाही.

काळं मीठ, म्हणजे पादेलोण, फार वेळ घेणार नाही. सैंधव कोळसा आणि वनस्पतींच्या बियासालींसोबत भट्टीत तापवलं की गंधकाची संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या अंड्यासारखा तो ओळखीचा वास येतो. सोडियम जवळपास तितकंच. पोट हलकं वाटतं म्हणून चिमूटभर घेत असाल तर हरकत नाही, पण दिवसाच्या पाच ग्रॅममध्ये ती चिमूटही धरायची.

आणि ‘साध्या मिठात सायनाईड असतं’ असा जो मेसेज फिरतो त्याबद्दल. मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून फेरोसायनाईड नावाचा पदार्थ किलोमागे काही मिलिग्रॅम एवढा घालतात, पाकिटावर तो ई 535 किंवा ई 536 म्हणून लिहिलेला दिसेल. त्यातलं सायनाईड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते सुटं होत नाही. ठरलेल्या मर्यादेत ते सुरक्षित आहे. मिठाने माणसं आजारी पडतात ती सोडियममुळे, ही कंटाळवाणी गोष्ट असल्याने तिचा मेसेज होत नाही.

आता ज्या मिठाने खरोखर फरक पडतो त्याकडे. कमी सोडियमच्या मिठात काही भाग सोडियम क्लोराईड काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. गंमत अशी की सगळ्या प्रकारांत हे सगळ्यात कमी ‘नैसर्गिक’, चक्क कारखान्यात मिसळलेलं, आणि भक्कम पुरावा फक्त याच्याच बाजूने आहे. चीनच्या ग्रामीण भागात 600 गावांमध्ये सुमारे 21 हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, 2021 साली त्याचे निष्कर्ष आले. हे लोक म्हणजे आधी पक्षाघात होऊन गेलेले, किंवा साठीपुढचे आणि बीपी असलेले. अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्या गावांना 75 टक्के सोडियम आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराईडचं मीठ. जवळपास पाच वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटात पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि मृत्यू 12 टक्क्यांनी कमी. कुणालाही वेगळी गोळी दिली नव्हती, डब्यातलं मीठ तेवढं बदललं होतं. आहारशास्त्रात इतका स्पष्ट निकाल क्वचित मिळतो.

याचं कारण दुहेरी आहे. 5 ग्रॅम मिठातलं सोडियम 2 ग्रॅमवरून दीड ग्रॅमवर येतं, आणि सोबत 650 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळतं. गुलाबी मिठातले 14 मिलिग्रॅम आठवा. पोटॅशियम किडनीला सोडियम बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवतं. 2025 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या नेहमीच्या मिठाऐवजी असं मीठ वापरावं अशी शिफारस केली. पण त्याच शिफारशीत गरोदर स्त्रिया, मुलं आणि किडनीचं काम कमी असलेल्यांना वगळलेलं आहे. चीनच्या प्रयोगातही गंभीर किडनीविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना घेतलं नव्हतं.

हे वगळणं औपचारिक नाही. किडनी थकलेली असेल तर जास्तीचं पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, आणि हृदयाची लय बिघडवतं, बऱ्याचदा आधी काहीही न जाणवता. बीपीच्या सगळ्यात जास्त दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी दोन गट पोटॅशियम वाढवतात : टेल्मिसार्टन, लोसार्टन हा एक, रामिप्रिल, एनालाप्रिल हा दुसरा. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर आणखीच. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, मधुमेह जुना, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही चालू. रिपोर्टमध्ये पोटॅशियम 6.2, जिथे 5 च्या आसपास थांबायला हवं. औषधं तीच, डोस तेच, मग एवढं वाढलं कसं ते कुणाला कळेना. मी घरातलं मिठाचं पाकीट घेऊन यायला सांगितलं. पुढे मोठ्या अक्षरात ‘हृदयासाठी उत्तम’, मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराईड. मुलाने काळजीपोटी आणलेलं. मीठ बदललं, गोळ्यांची जुळणी डॉक्टरांनी पुन्हा केली, आकडा खाली आला. बीपीतून सुटायला जावं आणि आगीतून फुफाट्यात पडावं, ते असं.

म्हणून वडिलांचं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीची कार्यक्षमता काढतात, तो ईजीएफआरचा आकडा) आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या, आणि गोळ्यांची चिठ्ठी व मिठाचं पाकीट दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. टेल्मिसार्टन चालू आहे म्हणून हे मीठ कायमचं बाद, असंही नाही. किडनी चांगली असेल तर डॉक्टर अनेकदा परवानगी देतात आणि काही आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा बघतात. चवीला ते किंचित कडसर, धातूसारखं लागतं. लिंबू, मिरी, लसूण असलं की जाणवत नाही. आणि स्वस्थ माणसाने ‘सोडियम कमी आहे’ म्हणून दुप्पट घातलं तर सगळा हिशेब पाण्यात.

मीठ कमी करायचं म्हणजे किती, हे बहुतेकांना मोजता येत नाही. त्याला मी एक साधा उपाय सांगतो. एक किलोचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहा. तिघांचे 15 ग्रॅम धरले तर ते 66 दिवस पुरायला हवं. बाहेरच्या आणि पाकिटातल्या खाण्यातून मीठ येतंच, तेव्हा खरं तर अडीच-तीन महिने. महिन्याभरात संपत असेल तर सैंधव का साधं ही चर्चा सध्या बाजूला ठेवा. ब्रेड, चीज, चिप्स, सॉस, पाकिटातलं सूप यांवर ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 800 मिलिग्रॅम सोडियमचं सूप म्हणजे 2 ग्रॅम मीठ, दिवसातला चाळीस टक्के वाटा एका वाटीत संपला. खायच्या सोड्यातही वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त सोडियम असतं, तेव्हा ‘मीठ नाही, फक्त सोडा घातलाय’ ही पळवाट चालत नाही.

एकदम निम्मं करू नका. पहिल्याच दिवशी सगळं अळणी लागेल आणि आठवड्यात मिठाची डबी टेबलावर परत येईल. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवा. जीभ दोन-तीन महिन्यांत सरावते आणि मग जुनं प्रमाण खारट लागतं. ब्रिटनमध्ये ब्रेड आणि तयार पदार्थांतलं मीठ कंपन्यांकडून असंच हळूहळू उतरवून घेतलं. 2001 ते 2011 या काळात माणशी मीठ साडेनऊ ग्रॅमवरून आठच्या जवळ आलं आणि खाणाऱ्यांना फारसं कळलंही नाही.

दुसरं टोक गाठू नका, हेही वडिलांच्या वयामुळे सांगतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि त्यात मीठ जवळजवळ बंद केलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं. वयस्कर माणूस अचानक गोंधळल्यासारखा बोलायला लागला, तोल जायला लागला, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा मीठ कमी करण्याचा नियम बाजूला ठेवून ओआरएस द्यायचं असतं. आणि मीठ बदलल्यावर बीपी उतरलं तरी गोळी स्वतःहून कमी करायची नाही. घरी रोज ठरलेल्या वेळी घेतलेल्या बीपीच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा, डोस ते ठरवतील.